धूर काळा आहे म्हणून मोठा एफडी फॅन घेऊ नका: चेन ग्रेट बॉयलरच्या हवेबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इचलकरंजीत प्रोसेस हाउस, ६ टनी बॉयलर, पुढे वॉटर वॉलची भट्टी आणि मागे स्मोक ट्यूब, खाली चेन ग्रेट, म्हणजे कोळसा जाळत पुढे नेणारी लोखंडी साखळीची सरकती जाळी. स्टीम प्रेशर बघून पीएलसी (पॅनलमधला छोटा संगणक) ग्रेटचा आणि एफडी फॅनचा (ग्रेटखालून हवा देणारा पंखा) वेग आपोआप कमी-जास्त करतो. सकाळी दहाच्या सुमारास जेट आणि जिगर ही कापड रंगवायची मशीनं एकदम सुरू झाली की प्रेशर १० किलोवरून ७ वर येतं, चिमणीतून काळा धूर निघतो आणि राखेत अर्धवट जळलेला कोळसा पडतो. रात्री लोड नसताना आग मागे सरकत गिलोटिन दरवाजापर्यंत (थराची जाडी ठरवणारा, वर-खाली होणारा दरवाजा) येते आणि कोळशाच्या हॉपरचा पत्रा तापतो. वणीचा कोळसा सोडून इंडोनेशियन घेतल्यापासून दोन्ही त्रास वाढले. एफडी फॅनच्या पाटीवर ताशी ९००० घनमीटर लिहिलंय. पुरवठादार म्हणतो हा फॅन लहान पडतोय, मोठा घ्या, सोबत ऑक्सिजन ट्रिमही (धुरातला ऑक्सिजन मोजून एफडी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बसवा. घ्यावा का?

फॅनची ऑर्डर थांबवा. तुमच्या भट्टीला हवा कमी पडतेय हे खरं आहे, पण त्याचं कारण फॅनच्या आकारात नाही. जी हवा आहे ती ग्रेटवर चुकीच्या जागी जातेय, आणि जळलेला वायू बाहेर काढणारा आयडी फॅन भलतीकडूनच हवा ओढण्यात खर्ची पडतोय असा माझा अंदाज आहे. माझी तीस वर्षं बॉयलरपुढे गेली. काळ्या धुराच्या तक्रारीवर एफडी फॅन बदला असं सांगायची वेळ माझ्यावर एकदाच आली.

आधी हिशेब करू, म्हणजे पुरवठादाराशी बोलताना आकडा तुमच्या हातात असेल. एक किलो कार्बन पूर्ण जळायला ११.६ किलो हवा लागते, एक किलो हायड्रोजनला ३४.८ किलो. कोळशात मुळातच जो ऑक्सिजन असतो, त्याच्या आठव्या हिश्श्याइतका हायड्रोजन आधी वजा करायचा. गंधक थोडा असतो, तो सोडून द्या. आता आपला जास्त राखेचा देशी कोळसा घ्या: कार्बन ४१ टक्के, हायड्रोजन २.७५, ऑक्सिजन १०, उष्मांक ४००० किलोकॅलरी. याला किलोमागे ५.३ किलो हवा लागते. इंडोनेशियन घ्या: कार्बन ५९, हायड्रोजन ४.२, ऑक्सिजन १२, उष्मांक ५५००. याला ७.८ किलो. इथेच माणसं घाबरतात. हवा जवळजवळ दीडपट लागणार, मग फॅन मोठा हवाच! पण हा कोळसा जाळावा लागतो कमी. ६ टन वाफेला तासाला ३२ लाख ४० हजार किलोकॅलरी लागतात (बॉयलरच्या पाटीवरचे ६ टन ज्या पद्धतीने मोजतात, म्हणजे १०० अंशांच्या पाण्यापासून १०० अंशांची वाफ, त्या हिशेबाने). कार्यक्षमता ७२ टक्के धरा. देशी कोळसा ताशी ११२५ किलो लागेल, इंडोनेशियन ८२० किलो. वर ४० टक्के जादा हवा धरली तर देशी कोळशाला ताशी सुमारे ७२०० घनमीटर हवा होते आणि इंडोनेशियनला सुमारे ७७००. फरक सात टक्क्यांचा. तुमचा फॅन ९००० चा आहे आणि पूर्ण ६ टन तर तुम्ही दिवसातला थोडाच वेळ घेता. तुमच्या कोळशाचा लॅब रिपोर्ट आला की त्यातले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा, उत्तर फार हलणार नाही.

मग दहा वाजता होतं काय? प्रेशर पडलं की पीएलसी ग्रेट आणि एफडी दोन्ही वाढवतो. ३० अंशांना आत गेलेली हवा आयडी फॅनपाशी २०० अंशांचा वायू होऊन पोचते आणि फुगून आकाराने दीडपटीहून जास्त झालेली असते. हा सगळा वायू आयडीने ओढून न्यायचा असतो. आयडी आधीच ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर, पोचलेला असेल तर त्याच्याकडे वाढायला जागाच नाही. भट्टीचा ड्राफ्ट (आतला उणे दाब, म्हणजे ओढ) शून्यावर येतो, मग अधिकमध्ये जातो, पीपहोलमधून (आग बघायचं भोक) आणि दाराच्या फटींतून आग-धूर बाहेर फेकला जातो. अशा वेळी फायरमन एफडीचा डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप) हाताने दाबतो. त्याचं काही चुकत नाही, त्याच्या तोंडावर ज्वाळा येत असते. पण ग्रेट मात्र वेगाने कोळसा आणतच असतं. कोळसा आला, हवा आली नाही, म्हणजे काळा धूर. या साखळीत तुम्ही मोठा एफडी घातलात तर भट्टी आणखी लवकर अधिकमध्ये जाईल आणि तो डॅम्पर आणखी लवकर बंद होईल.

उद्या सकाळी दहा वाजता स्वतः उभं राहून दोन आकडे लिहा: आयडीचे हर्ट्झ आणि भट्टीचा ड्राफ्ट. ड्राफ्ट पाण्याच्या उणे ३ ते उणे ५ मिलिमीटरच्या आसपास टिकला पाहिजे. आयडी ५० वर आणि ड्राफ्ट शून्याच्या वर असेल तर माझा अंदाज बरोबर आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आयडी दमायची कारणं दोनच. एक, तो फुकटची हवा ओढतोय. दोन, वाट तुंबलीय.

फुकटच्या हवेसाठी पोर्टेबल ऑक्सिजन मीटर एक दिवस भाड्याने आणा. एकाच लोडवर दोन जागी मोजा: बॉयलरमधून वायू बाहेर पडतो तिथे, आणि आयडीच्या तोंडाशी. समजा पहिल्या जागी ७ टक्के आला आणि दुसऱ्या जागी ११.५. दोन्ही आकडे २१ मधून वजा करा, १४ आणि ९.५. त्यांचा भागाकार १.४७. म्हणजे त्या दोन जागांच्या मध्ये ४७ टक्के जादा वायू तयार झाला, आणि तो सगळा बाहेरून आत आलेली थंड हवा आहे. सोलापूरकडच्या एका टॉवेल कारखान्यात मला याहून वाईट आकडे मिळाले होते. मल्टिसायक्लोनखालचा (वायूतली राख वेगळी करणारा भाग) रोटरी एअर लॉक, म्हणजे राख खाली सोडणारी पण हवा अडवणारी फिरती झडप, झिजून त्याच्या पात्यांत बोटभर फट पडली होती, आणि राख भरायचं पिंप सोयीसाठी म्हणून बाजूला काढून ठेवलं होतं. आयडी दिवसभर बाहेरची हवा पीत होता. पाती बदलली, पिंप घट्ट बसवलं, त्याच लोडला आयडी ५० वरून ४१ हर्ट्झवर आला. फॅनची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात चालते, म्हणजे ४१ हर्ट्झला ती निम्म्याच्या थोडी वर राहते. तिथेही नवा फॅन घ्यायची तयारी झाली होती.

गळती शोधायला उदबत्ती पुरते. भट्टी उणेमध्ये असताना पेटलेली उदबत्ती दाराच्या कडेने, पीपहोलभोवती, मॅनहोलच्या गास्केटपाशी, इकॉनॉमायझरच्या फ्लँजवर, डक्टच्या कापडी जोडावर, ग्रेटच्या दोन्ही बाजूंच्या सीलपाशी आणि राखेच्या दारापाशी फिरवा. धूर जिथे आत खेचला जाईल तिथे खडूने खूण करा. दोन माणसं, एक पाळी, काम संपलं. हे करताना एक भेद ध्यानात ठेवा. बॉयलरच्या पुढे, म्हणजे सायक्लोनकडे, शिरणारी हवा फक्त फॅनची ताकद खाते. भट्टीत शिरणारी हवा फॅनही खाते आणि कोळसाही, कारण ती तापून चिमणीतून जाते. देशी कोळशाच्या किलोमागे भट्टीत ३.२ किलो हवा जादा गेली (म्हणजे ४० टक्क्यांऐवजी १०० टक्के जादा हवा झाली) आणि वायू २०० अंशांना बाहेर पडला, तर किलोमागे सुमारे १२५ किलोकॅलरी वाया जातात. ४००० मधले १२५, तीन टक्क्यांहून जास्त. दिवसाला दहा टन जाळत असाल तर तीनशे किलो कोळसा रोज फक्त ती हवा तापवायला जातो. म्हणून आधी भट्टीच्या आणि राखेच्या दारांच्या फटी बुजवा.

वाट तुंबण्याचं सोपं आहे. ट्यूबमधली काजळी, एअर प्रीहीटर, सायक्लोन, बॅग फिल्टर, प्रत्येकाच्या आधी आणि नंतर यू-ट्यूब (दाब मोजायची पाणी भरलेली यू आकाराची नळी) लावून ड्राफ्टचा फरक लिहा. स्वच्छ असतानाचे आकडे बॉयलर सुरू करताना दिलेल्या रिपोर्टमध्ये असतात, त्यांच्याशी ताडून बघा.

आता ग्रेटकडे येऊ. माझ्या मते तुमचा खरा बिघाड इथे आहे.

चेन ग्रेटवर कोळसा वरून खाली जळत येतो. गिलोटिनखालून आत आलेल्या थंड थराला वरची तापलेली कमान नुसत्या उष्णतेच्या झळीने पेटवते. मग आग हळूहळू थरात खाली उतरते, ग्रेट पुढे सरकत राहतं आणि शेवटी राख उरते. खाली हवेचे चार-पाच कप्पे असतात, प्रत्येकाला आपला डॅम्पर. मी जिथे जिथे गेलो तिथे दहापैकी आठ ठिकाणी हे सगळे डॅम्पर एकाच कोनात उघडे सापडले, बरेचसे गंजून जाम झालेले. सुरुवातीला ज्याने बसवले त्याच्यानंतर कोणी हात लावलेला नसतो.

पहिल्या कप्प्यावर कोळसा अजून वाळतोय आणि पेटतोय. चूल पेटवताना घरातली बाई पहिली फुंकर हळूच मारते, कारण जोरात मारली तर काडी विझते. तसंच इथे. जास्त हवा दिली तर देशी, राखेच्या कोळशाची पेटण्याची रेघ पुढे ढकलली जाते, ग्रेटचे पहिले दोन फूट नुसता काळा कोळसा वाहतो आणि शेवटी जळायला जागा पुरत नाही. म्हणून पहिला डॅम्पर अगदी थोडा उघडा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यावर खरं जळण चालतं, बहुतेक हवा तिथे द्यायची. चौथ्यावर कमी. शेवटच्यावर फक्त राखेतला उरलेला कार्बन संपेल आणि ग्रेटच्या लिंक (साखळीच्या लोखंडी कड्या) थंड राहतील एवढीच. शेवटी थर पातळ असतो, नुसती राख असते, विरोध काही नसतो. तिथला डॅम्पर उघडा ठेवला की एफडीची हवा सोप्या वाटेने तिकडूनच निसटते. मधल्या जाड थराखाली दाब उरत नाही. ऑक्सिजन मीटर १० टक्के दाखवतो आणि चिमणी काळीच. हवा भरपूर आहे, फक्त कोळशातून जात नाही.

हीच गोष्ट इंडोनेशियन कोळशाने वाढवली. त्यात ज्वलनशील वायू जास्त आणि राख कमी. वायू जास्त म्हणून तो गिलोटिनपासून लगेच पेटतो, आणि त्याच्या जळण्याचा मोठा भाग ग्रेटवर न होता ग्रेटच्या वर, हवेत होतो. राख कमी म्हणून ग्रेटच्या शेवटच्या भागात थर जवळजवळ उरतच नाही, हवा तिथून सुसाट निघून जाते, शिवाय लिंक उघड्या पडून जळतात. वणीच्या कोळशावर बसवलेले डॅम्पर तुम्ही तसेच ठेवले आहेत. एकूण हवा सात टक्क्यांनीच बदलली, पण ती लागते कुठे हे पुष्कळ बदललं.

तेव्हा असं करा. एका दिवशी लोड स्थिर ठेवा, शक्य असेल तर रविवारी एक-दोन मशीन मुद्दाम चालवून. कोळशाचा थर १०० ते १२५ मिलिमीटरवर आणा आणि गिलोटिन दोन्ही टोकांना समान उंचीवर आहे का ते सळई घालून मोजा. ते एका बाजूला झुकलेलं फार वेळा असतं. पहिला डॅम्पर एक चतुर्थांश, दुसरा-तिसरा पूर्ण, चौथा निम्मा, पाचवा फटीपुरता. मग बाजूच्या पीपहोलमधून बघा. आग गिलोटिनपासून वीतभर आत सुरू झाली पाहिजे, आणि ग्रेटच्या शेवटच्या फूट-दीड फुटावर फक्त मंद राख दिसली पाहिजे. आग त्याआधीच संपत असेल तर ग्रेट थोडं वाढवा किंवा हवा कमी करा. राखेच्या धारेत लाल कोळसा पडत असेल तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि अर्धा तास थांबा. चेन ग्रेटवर आज दिलेल्या हवेचा परिणाम दोन मिनिटांत दिसतो, पण कोळशाच्या थराचा परिणाम ग्रेट एक फेरी पुढे गेल्याशिवाय दिसत नाही. घाई करणारा माणूस दिवसभर स्वतःच्याच आधीच्या चुकीमागे धावत राहतो.

आगीची रेघ सरळ नसून दोन्ही कडांना लवकर संपतेय, मधे लांब जातेय असं दिसलं तर तो हवेचा दोष नाही, हॉपरचा आहे. वरून एकाच जागी कोळसा पडला की चुरा मधे साचतो आणि खडे घरंगळत कडेला जातात. कडेचा थर सच्छिद्र होतो, हवा तिथून धावते, मधला चुरा कोंडलेला राहतो. हॉपरमध्ये हलणारी चूट किंवा पसरवणारा शंकू लावून घ्या, स्थानिक फॅब्रिकेटर दोन दिवसांत करून देतो. कोळसा १५ ते २५ मिलिमीटरचा मागा. चुरा १५ ते २० टक्के असेल तर ५-६ टक्के वरचं पाणी मारून भिजवा, म्हणजे तो खड्यांना चिकटतो आणि ग्रेटखाली गळत नाही. पाणी कोळसा हॉपरमध्ये टाकताना मारू नका, आदल्या पाळीला यार्डात मारा, मुरायला वेळ मिळाला पाहिजे. इंडोनेशियन मुळातच ओला असतो, तो हातात घेऊन बघूनच ठरवा.

थरात खंगर (वितळून गठ्ठा झालेली राख) धरत असेल, वीटभट्टीवर ज्याला खंगर म्हणतात तसाच, तर फायरमन सळई घालून थर उकरतो. ती सवय मोडा. उकरल्याने राख पेटत्या कोळशात मिसळते, हवा कमी पडलेल्या जागी राख कमी तापमानाला वितळते आणि खंगर आणखी वाढतो. हवेची वाटणी सुधारली की खंगर आपोआप कमी होतो.

यानंतर सेकंडरी हवा. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, म्हणजे बहुधा ती बंद आहे. कमानीखालच्या नोझलमधून आगीच्या वर जोरात सोडलेली ही हवा वायू जाळायला असते. एकूण हवेच्या १० ते १५ टक्के पुरे, पण जोर हवा. ती आगीत घुसून ढवळली पाहिजे. नुसती हलकी वाहिली तर वायू थंड करते आणि धूर वाढवते. नोझल राखेने बुजलेत का बघा, फॅनची दिशा तपासा. मोटर दुरुस्तीनंतर फेज उलटे जोडलेले फॅन मी तीन-चारदा पाहिलेत, उलटा फिरणाराही थोडी हवा देतो म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. इंडोनेशियनवर काळ्या धुराचा सर्वात स्वस्त इलाज हाच आहे.

किती हवा हा तुमचा मूळ प्रश्न. चेन ग्रेटला ३० ते ५० टक्के जादा हवा लागते. बॉयलरमधून वायू बाहेर पडतो तिथे मोजलेला ऑक्सिजन २१ मधून वजा करा, आलेल्या आकड्याने ऑक्सिजनला भागा, १०० ने गुणा: ६ टक्के ऑक्सिजन म्हणजे ४० टक्के जादा हवा, ७ म्हणजे ५०, १० म्हणजे ९० च्या वर. तुम्ही ६ ते ७ वर थांबा. कार्बन मोनॉक्साइड सोबत बघत राहा. हवा हळूहळू कमी करत गेलात की एका ठिकाणी तो एकदम चढू लागतो, त्याच्या थोडं आधी तुमची जागा. डोळ्यालाही कळतं: ज्वाळा पिवळी-नारिंगी आणि स्थिर असेल तर ठीक. डोळे दिपवणारी पांढरट आणि आखूड असेल तर हवा जास्त. लालसर, टोकाला काजळी धरलेली असेल तर कमी. पीपहोलपुढे कधी सरळ उभं राहू नका, नेहमी बाजूला, चेहरा वळवून.

इथवर हाताने बसवल्याशिवाय ऑटोमॅटिककडे जाऊ नका. पीएलसी तुम्ही बसवलेली घडी टिकवतो, घडी बसवून देत नाही. बसवताना चार लोड घ्या, समजा ३०, ५०, ७५ आणि १०० टक्के. प्रत्येकाला ग्रेटचा वेग आणि त्याला योग्य ऑक्सिजन देणारा एफडीचा वेग लिहा. हे चार बिंदू जोडणारी रेघ पीएलसीत घाला. आत्ता तुमच्याकडे दोन्ही वेग बहुधा एकाच सरळ प्रमाणात बांधलेले असतील, आणि फॅन-डॅम्पर-थर या साखळीत काहीही सरळ प्रमाणात चालत नाही.

मग क्रम. प्रेशर पडलं तर आधी आयडी वाढला पाहिजे, त्यामागून एफडी, त्यामागून ग्रेट. प्रेशर चढलं तर आधी ग्रेट कमी, मग एफडी, शेवटी आयडी. वाढताना हवा पुढे, उतरताना कोळसा पुढे. हा क्रम तुमच्या प्रोग्रॅममध्ये नसेल तर दहा वाजताचा अर्धा धूर त्यामुळेच आहे. एफडीला मिनिटाला ठरावीक हर्ट्झहून जास्त चढू देऊ नका. आयडीचा वेग पीएलसी ड्राफ्ट बघून ठरवतो, तो ड्राफ्ट मोजणारी नळी आठवड्याला फुंकून साफ ठेवा. काजळीने अर्धी बुजलेली नळी पीएलसीला खोटं सांगते आणि दोन्ही फॅन झोके घेऊ लागतात. आणि प्रोसेसच्या मुकादमाशी बोला. जेट आणि जिगर दहा मिनिटांच्या अंतराने सुरू केले तर बॉयलरवरचा धक्का निम्मा होतो, याला पैसे लागत नाहीत.

ऑक्सिजन ट्रिमबद्दल माझं मत: बसवा, पण शेवटी. ट्रिमच्या प्रोबच्या (ऑक्सिजन मोजणारी सळई) आधी गळती असेल तर ट्रिम तुमचा घात करेल. बाहेरची हवा आत आली, प्रोबला ऑक्सिजन जास्त दिसला, ट्रिमने समजून घेतलं की भट्टीत हवा जास्त आहे, आणि त्याने एफडी कमी केला. भट्टी गुदमरते आणि स्क्रीनवर आकडा छान दिसतो. म्हणून प्रोब बॉयलरमधून वायू बाहेर पडतो तिथेच लावा, गळती बुजवल्यावरच, आणि त्याला एफडीवर दहा टक्क्यांपलीकडे अधिकार देऊ नका. झिर्कोनिया प्रोब ओल्या वायूत मोजतो, हातातला मीटर वाफ काढून टाकून. दोघांत अर्ध्या टक्क्याचा फरक राहील, त्यावरून भांडू नका.

रात्रीचं. लोड नसताना पीएलसी ग्रेट जवळजवळ थांबवतो, आग मात्र थांबत नाही, ती ताज्या कोळशाकडे मागे चालत जाते, आणि पहिला डॅम्पर उघडा असेल तर वेगाने. ग्रेटला किमान वेग ठरवून द्या. त्यापेक्षाही कमी लोड असेल तर ग्रेट बंद-चालू ठेवा: दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-तीन मिनिटं ग्रेट चालवून आणि हवा वाढवून आग जिवंत ठेवायची. अमेरिकेत घरगुती कोळसा स्टोकरना नेमका याच कामासाठी टायमर असतो. आग तरीही मागे येत असेल तर चालण्याची मिनिटं वाढवा. ग्रेट थांबलेलं असताना एफडी पूर्ण बंद करू नका. खालची हवा हीच लिंकना थंड ठेवते. थांबलेल्या ग्रेटवर तापता थर आणि खाली हवा नाही, असं दोन-चार रात्री झालं तर लिंकचा अख्खा सेट बदलावा लागतो. गिलोटिनला पाण्याची नळी असेल तर ती वाहते का बघा. हॉपर कधी रिकामा पडू देऊ नका, कोळशाचा थर हेच तिथलं सील आहे.

वीज गेली तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण हवेचा विषय त्याशिवाय पुरा होत नाही. दोन्ही फॅन थांबतात, थर मात्र लाल असतो आणि त्यातून वायू निघत राहतो. आयडीचा डॅम्पर पूर्ण उघडा ठेवा. ३० मीटरच्या चिमणीत १५० अंशांचा वायू असेल तर बाहेरच्या ३० अंशांच्या हवेच्या तुलनेत ती स्वतःच पाण्याचे जवळपास १० मिलिमीटर ड्राफ्ट देते. एवढ्यावर वायू वर निघून जातो आणि ग्रेटखालून थोडी हवाही येत राहते. वीज पंधरा मिनिटांत आली नाही तर हँडलने ग्रेट फिरवून आग राखेत उतरवा, पाण्याची पातळी बघत. वीज आल्यावर आधी एकटा आयडी पाच मिनिटं चालवा, मगच एफडी. या क्रमाचा इंटरलॉक असतोच: आयडी नाही तर एफडी नाही, एफडी नाही तर ग्रेट नाही. रात्रपाळीला कोणीतरी त्याला वायर टाकून बायपास केलेलं सापडतं. स्वतः पॅनल उघडून बघा. साचलेल्या वायूत एकदम हवा गेली की भट्टीचं दार उडतं, आणि त्या दारापुढे तुमचा माणूस उभा असतो.

आठवडाभरात हे आकडे कळवा: सकाळी दहाला आयडी आणि एफडीचे हर्ट्झ, भट्टीचा ड्राफ्ट, दोन जागचा ऑक्सिजन, चिमणीचं तापमान, पाचही डॅम्पर आत्ता कसे आहेत, सेकंडरी फॅनची स्थिती आणि राखेतल्या न जळलेल्या कार्बनचा लॅब रिपोर्ट. गळती बुजवून, डॅम्पर बसवून, सेकंडरी चालू करून आणि प्रोग्रॅमचा क्रम सुधारूनही पूर्ण लोडला ऑक्सिजन ५ च्या खाली जात असेल, आणि त्या वेळी आयडीत वाढायला जागा शिल्लक असेल, तर एफडी खरोखर लहान आहे. तेव्हा फॅनचा आकार आपण बसून काढू.